चेहऱ्याची वही

९ जून

लेकी,

तुझी पोर सुखरूप पोचली. गाडी पाऊण तास उशिरा आली. मी भलत्याच एका मुलीची पिशवी धरायला गेलो आणि तिच्या आईने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू चोरच. तेवढ्यात मागून आवाज आला, "आजोबा, मी इकडे आहे." सात वर्षांनी बघतोय तिला. तेव्हा माझ्या कोपरापर्यंत यायची, आता माझ्या टकलावरून पलीकडचं बघते.

तुझी चिठ्ठी तिने पिशवीतून काढून माझ्या हातात दिली आणि मी वाचेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. म्हणजे आत काय आहे ते तिला ठाऊक होतं. "बोगद्याचं काम दहा महिने चालेल. इथे शाळा नाही. दुसरा इलाज नाही म्हणून पाठवतेय. तिच्या चेहऱ्याबद्दल एक शब्द काढायचा नाही, बोट लावायचं नाही. तसं काही झाल्याचं कळलं तर त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन आणि मग आपला संबंध संपला."

संपायला तो आधी असावा लागतो, असं मनात आलं होतं. पण लिहिण्याआधी दोनदा विचार करायचा असं ठरवलंय, म्हणून लिहीत नाही. (लिहिलंच की.)

तू फोन उचलत नाहीस, आणि डोंगरात तो लागतही नाही म्हणे. दोन्हींतलं खरं कारण कुठलं ते मी विचारत नाही. पत्र लिहीत जाईन.

तुझीच खोली तिला दिली आहे, दुकानाच्या वरची. अजून एकही शब्द काढलेला नाही. बोट लावलेलं नाही. चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आता न बघता जे दिसतं त्याला मी काय करू? कपाळावर बारीक पुरळ, केसांच्या कडेने दाट. गालांवर लाल, ठसठशीत, डावीकडे अंमळ जास्त. हनुवटी साफ. पन्नास वर्षं घड्याळांत खुपसून या डोळ्यांना वाईट खोड लागली आहे, ते माझं ऐकत नाहीत.

बिस्किटं गालात भरून ठेवून सावकाश खाते, म्हणून मी तिला खार म्हणतो. तिला चाललं.

बाबा


२८ जून

लेकी,

आधी माझी बाजू ऐक, मग चीड.

खार शाळेतून आली की दुकानात माझ्या शेजारच्या स्टुलावर बसते. केस असे पुढे ओढून घेते की अर्धा चेहरा पडद्याआड. दहा-बारा दिवसांपूर्वी विचारते, "आजोबा, घड्याळ मागे पडतं तेव्हा नक्की कशाने पडतं, ते कसं शोधता?"

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," मी म्हटलं, "आणि वाट बघायची. दोन एकदम बदलल्या की गुण कशाने आला ते कुणालाच सांगता येत नाही."

"किती वाट बघायची?"

"घड्याळाची एक दिवस आणि एक रात्र."

"आणि चेहऱ्याची?"

मी खाली वाकून स्क्रू शोधू लागलो. स्क्रू माझ्या हातातच होता.

"आईने तुम्हाला बोलायला मनाई केलीय ना?"

"हो."

"मला विचारायला नाही केलेली."

हिला वकील कर, बोगद्यात घालू नकोस.

तर मी काही बोललो नाही. ती बोलली आणि मी लिहून घेतलं. दुरुस्तीला आलेल्या घड्याळांची माझी लांबोळकी वही असते ना, तसलीच एक कोरी काढली. रोज एक ओळ. काय खाल्लं, किती वेळा तोंड धुतलं, झोप किती, उशीचा अभ्रा कधी बदलला, आणि शेवटी आकडा. मोजते ती, मी फक्त टिपतो. पहिल्या दिवसाचा आकडा एकतीस.

वही उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गंमत कळली. पोर दिवसातून सात वेळा साबणाने तोंड धुते. सात! मी म्हटलं, एवढी तर मी जन्मात भांडी धुतली नाहीत. म्हणजे मनात म्हटलं.

ती विचारत होती, "आईलापण पुटकुळ्या यायच्या का?" मी म्हटलं, यायच्या. मग गिऱ्हाईक आलं म्हणून उठलो. गिऱ्हाईक आलं नव्हतं.

बाबा


१९ जुलै

लेकी,

तुझं उत्तर नाही, म्हणजे घ्यायलाही आली नाहीस, म्हणजे मी पुढे लिहायला हरकत नाही असा अर्थ मी काढतो.

पहिला बदल ठरला: सात वेळांचं दोन वेळा. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मीच गेलो. तिथली बाई जिभेने तिखट, पण माणूस चांगलं. मी आमचा साबण खिशातून काढून दाखवला. तिने वास घेतला.

"आजोबा, याने भांडी घासता का?"

"तोंड धुतो."

"तुमचं धुवा. तुमच्या तोंडाचं आता काय बिघडायचंय! पोरीला हे देऊ नका."

तिने सौम्य, फेस न करणारं काहीतरी दिलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, कोमट पाणी, बोटांनी हलकेच, आणि टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. मग म्हणाली, वर हे हलकं क्रीम, छिद्रं बुजवत नाही असं.

"मुरमांवर आणखी क्रीम? हे आगीत तेल झालं!"

"सगळं तेल ओरबाडून काढलंत की कातडी कोरडी पडते, चुरचुरते, आणि मुरमं आपली जागच्या जागी. कोरडं म्हणजे स्वच्छ नव्हे, आजोबा."

मी दुकानात परत आलो आणि लेकी, स्टुलावर बसूनच राहिलो. घड्याळ पेट्रोलने धुतात हे तू लहानपणापासून बघितलंयस. जुनं चिकट तेल सगळं जातं, भाग लखलखतात. पण तसंच जोडून चालवलं तर चाकांच्या आसांची टोकं महिन्याभरात झिजून जातात. म्हणून धुतल्यावर प्रत्येक टोकाला सुईवरून एक थेंब तेल. कामाला लागलो त्या पहिल्या दिवशी हे शिकलो. शाळा चौथीत सुटली, पण हे विसरलो नाही.

आणि सत्तावीस वर्षांपूर्वी रोज संध्याकाळी, दुकान बंद केलं की, कापसाने तुझ्या गालांना स्पिरिट लावत होतो. थेंब द्यायला विसरलो. गिऱ्हाइकाच्या घड्याळाशी असा वागलो असतो तर त्याने माझं दुकान बंद पाडलं असतं.

याच्या पुढचं आज लिहवत नाही.

दुसरा बदल तिने स्वतःच शोधला. केस चपटे बसावेत म्हणून ती एक चिकट क्रीम थापायची, ते कपाळावर उतरायचं. पुरळ केसांच्या कडेनेच का, याचं उत्तर तिथे होतं. पण तो बदल लगेच करायचा नाही, तीन आठवडे थांबायचं, असं मी म्हटलं तर पोर भडकली. "घड्याळाला काय घाई असते? मला शाळेत जावं लागतं!" बरोबर आहे. दोन्ही बदल लागोपाठ केले. वहीत तसं प्रामाणिकपणे लिहिलंय.

आता ती मला 'तू' म्हणते. कधीपासून ते टिपायचं राहिलं.

बाबा


११ ऑगस्ट

लेकी,

आकडे पाठवतो: एकतीस, सत्तावीस, एकोणतीस, चोवीस, बावीस. मधे दोन वर का गेले याचा मी आठवडाभर शोध घेतला. उशीचे अभ्रे उलटेपालटे करून पाहिले, मोबाइल गालाला लागतो म्हणून तो पुसला, पाण्यालाही दोष दिला. शेवटी खार म्हणाली, "आजोबा, महिन्यातून एक आठवडा असाच असतो. तुला कळतं ना कुठला?" मी म्हटलं, कळतं. कान तापले, पण वहीत रकाना आखला. सत्तर वर्षांच्या माणसाला नवा रकाना आखायला मिळणं काय कमी आहे?

सध्या खाण्यावर आहोत. इथे मी फार जपून पाऊल टाकतो. बिस्किटांच्या डब्याला कुलूप लावणारा बाप तुला आठवत असेल. डबा आता उघडा, जेवणाच्या टेबलावर. काय बदलायचं ते तीच ठरवते. सकाळचा पांढरा पाव आणि जॅम गेला, बाटलीतलं गोड पेय गेलं. त्यांच्या जागी अंडं, मोड आलेली कडधान्यं, फळ, साधं पाणी. फरक? गालावर थोडा पडलासा वाटतो. शपथेवर सांगणार नाही, कारण साबण बदलल्याचा गुणही अजून येतच असणार. दूध पुढच्या खेपेला बघू. तेही एकटंच.

चॉकलेटची परीक्षा तिने मला न सांगता उरकली. "विज्ञानासाठी," म्हणाली. एका बैठकीत अख्खी मोठी वडी. पुढचे दहा दिवस आकडा ढिम्म. "म्हणजे चॉकलेटचा दोष नाही," असा निकाल. मी म्हटलं, एका वडीने निकाल लागत नाही. ती म्हणाली, "मग आणखी आण."

ती हसते तेव्हा केस मागे जातात, तिच्या लक्षात येत नाही.

बाकी ठीक. दुकानातलं एक भिंग दिसत नाही, पण पसाऱ्यात असं होतंच.

बाबा


२३ ऑगस्ट

लेकी,

भिंग हरवलं नव्हतं. मीच दिलं होतं. मागच्या पत्रात खोटं लिहिलं.

ती म्हणाली होती, "आरशात नीट दिसत नाही, मोजताना आकडा चुकतो." मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! कुणीतरी आकड्याची एवढी फिकीर करतंय. डोळ्याला लावायचं माझं चांगलं भिंग, दहापट मोठं दाखवणारं, ते दिलं. दोन दिवसांनी तिने बारीक चिमटा मागितला. तोही दिला. लेकी, कशाला हवाय ते मी विचारलं नाही. उलट तो धरायचा कसा ते शिकवलं. मनगट टेकवून धर, म्हणजे हात थरथरत नाही.

भिंगाखाली बघायची सवय लागली की माणसाला धड काही दिसतच नाही, फक्त बिघाड दिसतो. मी घड्याळांचं तसं करतो आणि लोक त्याला कसब म्हणतात. तिने चेहऱ्याचं केलं. प्रत्येक छिद्र विहिरीएवढं दिसायला लागलं आणि विहीर दिसली की उपसलीच पाहिजे. चार दिवस खोलीत आरशासमोर. मी खाली टेबलाशी बसून म्हणतोय, पोर किती मन लावून मोजते.

सोमवारी सकाळी ती खाली आली तेव्हा डावा गाल सुजून डोळ्याला टेकला होता. अंगात ताप. मी दुकानाला कुलूप लावलं आणि तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्याहून लहान. त्यांनी गाल बघितला. "हे कशाने कोरलं?"

खारीने माझ्याकडे बघितलं.

"माझ्या चिमट्याने," मी म्हटलं.

"तुमच्या?"

"मी घड्याळजी आहे."

"मग घड्याळं कोरा."

मान खाली घातली. पू आत पसरला होता. गोळ्या दिल्या, लावायला मलम दिलं. ताप उतरेल, सूज आठवड्याभरात जाईल, खूण राहील की नाही ते आज सांगता येत नाही. खूण म्हटल्यावर खारीने माझा हात धरला. अंगठ्याच्या नखाने माझ्या तळव्यावर वळ उठला, एवढा घट्ट.

मग बाईंनी वही मागितली. पहिल्या पानापासून वाचली. मधेच हसल्या, चॉकलेटपाशी असणार. म्हणाल्या, "वही झकास आहे. धुणं कमी केलंत, क्रीम लावलंत, ते बरोबर. गोड आणि मैदा कमी केल्याने काहींना फरक पडतो, दुधाचंही काहींच्या बाबतीत तसंच, सगळ्यांच्या नाही. पण एका मुलीची वही म्हणजे जगाचा कायदा नव्हे. आणि खोल, दुखणारे फोड असतील तर वहीवर थांबायचं नाही, लवकर दाखवायचं. हे घाण साचून होत नाही आणि हिच्या चुकीनेही होत नाही. सूज उतरली की रात्री लावायचं औषध देईन. सुरुवातीला कोरडं वाटेल, उन्हाला जपावं लागेल, आणि गुण यायला दोन-तीन महिने लागतील. तोवर आरसा हातभर लांब."

घरी येताना खार म्हणाली, "आईला सांगू नकोस. ती मला घेऊन जाईल."

"सांगायला हवं."

"का?"

"मी शब्द दिलाय."

"तो तर तू केव्हाच मोडलास!"

"म्हणूनच."

ती वर गेली आणि दार आपटलं. तुझ्यासारखंच आपटते, दोनदा.

आता मागच्या वेळी अर्धवट सोडलेलं. तुझ्या वेळी मी स्वतःला सांगायचो की पोरीला बरं करतोय. ते खरं नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकं बसलेली असायची, तू शाळेतून यायचीस, आणि एकाने म्हटलं, "सगळ्या गावाची घड्याळं नीट करता, पोरीचं बघा की काहीतरी." सगळे हसले. मीही हसलो. मला तुझ्या चेहऱ्याची लाज वाटत होती, लेकी. स्पिरिट त्या लाजेवर लावत होतो. गाल भाजले, काळे डाग पडले, तरी थांबलो नाही. वर चार पाहुण्यांत म्हणालो, ही चोरून तळलेलं खाते. तू अठराव्या वर्षी बॅग घेऊन उतरलीस तेव्हा मी कुणाचं तरी घड्याळ उघडून बसलो होतो आणि उठलो नाही.

दोन अटी होत्या, दोन्ही मोडल्या. तू ये आणि तिला घेऊन जा, मी आड येणार नाही. तिची पिशवी भरून ठेवणार होतो, पण ती हात लावू देत नाही.

बाबा


१६ सप्टेंबर

लेकी,

तीन आठवडे गाडीची वेळ झाली की मी काही ना काही निमित्त काढून दुकानाच्या दारात उभा राहत होतो. तू आली नाहीस, पाकीट आलं. खारीने ते माझ्या पुढ्यात ठेवलं आणि या वेळी भिंतीकडे बघितलं नाही, सरळ माझ्या खांद्यावरून वाचलं.

"तिने मला फोनवर सगळं आधीच सांगितलं होतं," तू लिहितेस, "तुमचं पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं. तुम्ही सांगता का, ते बघत होते."

म्हणजे डोंगरात फोन लागतो! मी खारीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. दार आपटून वर गेली होती ती फोन करायलाच, हे आता कळलं. दोघींनी मिळून मला चांगलाच तपासून घेतलात. घ्या.

"तिला तिथेच राहायचंय. राहू दे. भिंग कुलपात ठेवा." ठेवलं. किल्ली तिच्याकडे आहे, मला भिंग लागलं की तिच्याकडून मागून घ्यावं लागतं. धंद्याची पंचाईत झालीय, पण तक्रार नाही.

तिचं सांगतो. सूज गेली. गालावर तांदळाएवढा खळगा राहिला आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, काळाने भरेल, पूर्ण भरेल असं मात्र नाही. रात्रीचं औषध सुरू झालंय, मटाराच्या दाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून. तिला पहिल्या दिवशी वाटलं जास्त लावलं तर लवकर गुण येईल. मी काही बोलायच्या आत तिनेच हात आखडता घेतला. आकडा आता रोज मोजत नाही, रविवारी मोजतो, हातभर लांबून. मागच्या रविवारी सतरा. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची, आता मधल्या बाकावर बसते. का, ते मी विचारलेलं नाही. वहीत त्याला रकाना नाही.

तुझ्या पत्राची मागची बाजू मी दुसऱ्या दिवशी बघितली. आधी दिसलीच नाही. "माझ्या हनुवटीवर अजून येतात. त्रेचाळिसाव्या वर्षी. दिवसभर हेल्मेटचा पट्टा असतो, बोगद्यात धूळ असते. तुमच्या डॉक्टर यावर काय म्हणतील?"

लेकी, मी तीन पानं लिहिली. पट्टा कुठे घासतो, घाम कुठे साचतो, रकाने कसे आखायचे, पट्ट्याचं चित्रही काढलं. खारीने तिन्ही पानं वाचली आणि म्हणाली, "आजोबा, डॉक्टर काय म्हणतील ते विचारलंय तिने. तू काय म्हणतोस ते नाही." पानं तिने काढून घेतली. चित्र तेवढं ठेवलं, चांगलं आलंय म्हणाली.

तर डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, पट्ट्याच्या घासण्याने आणि त्याखाली अडकलेल्या घामाने येऊ शकतात. पट्ट्याला मऊ, धुता येणारं कापड गुंडाळावं, काम संपलं की सौम्य वॉशने धुवावं, चोळू नये. पण या वयात हनुवटीवर येतात त्याला आतली कारणंही असतात, तेव्हा अंदाजावर न राहता जवळच्या डॉक्टरांना दाखवावं. जसं म्हणाल्या तसं लिहिलं, पदरचा एक शब्द घातलेला नाही. खारीने ताडून बघितलंय.

आता माझं. वहीतलं पहिलं पान परवा काढून वाचत होतो. काय खाल्लं, किती धुतलं, झोप किती, सगळं पोरीला विचारून लिहिलेलं. तुझी अशी वही माझ्याकडे नाही. त्या दोन वर्षांत मी तुला एक गोष्ट विचारलेली आठवत नाही, नुसतं सांगत होतो. म्हणून आज विचारतो. लगेच उत्तर दिलं पाहिजे असं नाही, आणि दिलंस तर कसंही दे, रागावून दे.

स्पिरिट लावताना तू डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी स्टूल धरून बसायचीस. तोंडातून आवाज नाही. मी समजायचो, पोर गुणाची आहे.

किती दुखायचं गं?

बाबा